आधी बघू द्या

नगरहून पाथर्डीच्या बाजूला निघालं की शहरापासून तेरा-एक किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. तिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. जिल्ह्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जाऊन आल्या असतील याची मोजदाद नाही. मुलं रांगेने वर चढतात, गुरुजी सांगतात, ‘हा चांदबीबीचा महाल’, मुलं वहीत लिहून घेतात, डबे उघडतात आणि खाली उतरतात. तो महाल नाही. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला, त्याच्या आधीच हा सलाबतखान वारला होता.

हे उदाहरण आधी घेतलं ते एवढ्यासाठी, की ज्यांच्याशी मला भांडायचं आहे त्यांचं सगळं म्हणणं या एका डोंगरावर तपासून बघता येतं. म्हणणं जुनंच आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते ऐकू येतं, स्टाफरूममध्ये ऐकू येतं, सत्कार समारंभातल्या भाषणांत तर हमखास ऐकू येतं. चित्र असो, शिल्प असो, जुनी वास्तू असो, मुलांना आधी माहिती द्या, मग काय विचारायचं ते विचारा. ‘तुला काय दिसतं? तुला काय वाटतं?’ असं विचारत बसलात तर पोरं वाट्टेल ते बोलतात, तास वाया जातो, हाती काही लागत नाही. कला समजायला पाया लागतो आणि पाया म्हणजे माहिती.

मग या डोंगरावर काय झालं? माहिती तर आधीच दिली होती. एकाच वाक्यात, एकाच खात्रीने, पिढ्यान्‌पिढ्या. ती चुकीची होती, आणि ती चुकीची असावी असा संशय यायला लागणारं सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर होतं. आठही बाजूंना उघड्या कमानी. राहत्या घराला लागतात तशा बंद खोल्या नाहीत, चुलीची जागा नाही. आणि आत कबर. ‘इथे कोणी राहत असेल का? कशावरून म्हणतोस?’ एवढे दोन प्रश्न पाचवीच्या मुलांना विचारले असते, तरी तो ‘महाल’ डळमळला असता. सलाबतखानाचं नाव त्यांना सापडलं नसतं हे कबूल. नाव दगडाकडे टक लावून कळत नाही, ते कोणीतरी सांगावंच लागतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी संशय घेतल्यावर जे नाव कानावर पडतं ते डोक्यात राहतं. ज्या प्रश्नाचा आपल्याला पत्ताच नव्हता, त्याचं उत्तर वहीत राहतं आणि वहीबरोबर रद्दीत जातं.

माहितीवाल्यांचा दुसरा आक्षेप असा, की हे परदेशी फॅड आहे. पद्धतीचा एक प्रसिद्ध नमुना अमेरिकेतून आला हे खरंच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांनी मिळून ‘व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज’ नावाची रीत घडवली. संग्रहालयात व्याख्यानं ऐकून लोक खूश होऊन जात, पण ऐकलेलं त्यांच्यापाशी फारसं उरत नसे, हे लक्षात आल्यावर दोघं या वाटेला लागली. मुलांना चित्रापुढे बसवायचं, थोडा वेळ गप्प बघू द्यायचं, आणि मग तीनच प्रश्न : इथे काय चाललंय? असं म्हणायला तुला चित्रात काय दिसलं? आणखी काय सापडतं? बस्स. पाश्चात्त्य जगातही यावर सगळ्यांचं एकमत नाही. रिका बर्नहॅम आणि इलियट काय-की हे संग्रहालयात शिकवणारे दोघेजण म्हणतात, की शिक्षकाने माहिती अशी कायमची दाबून ठेवू नये, चर्चेला लागेल तेव्हा ती पुढे करावी. मला त्यांचं पटतं, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्याच अंगाने आहे.

पण परदेशी म्हणून नाक मुरडायचं असेल तर जरा नीट मुरडा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा आपण एवढ्या भक्तिभावाने देतो, त्यांच्यामागची वस्तू समोर ठेवून ती हुबेहूब उतरवण्याची शिस्त काय आळंदीहून आली? मुंबईत १८५७ मध्ये निघालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या इंग्रजी वळणातूनच ती शाळांपर्यंत झिरपली. नगरपुरतं बोलायचं तर, मिस फॅरार यांची इथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला येऊन गिरवले. त्या शाळेचा पैसा अमेरिकन मिशनचा होता म्हणून जोतीराव पाठ फिरवून गेले नाहीत.

आणि प्रश्न-प्रतिप्रश्न ही गोष्टच आपल्याला परकी आहे असं म्हणणाऱ्याने एकदा नेवाशाला जाऊन यावं. गीता मुळात अर्जुनाच्या शंकांवर उभी. तिच्यावरचं ज्ञानदेवांचं निरूपण १२९० मध्ये याच जिल्ह्यात, या गावात झालं, आणि ते श्रोत्यांना पदोपदी हाक मारत, त्यांचा कल बघत पुढे जातं. अर्थात, तिथे उत्तर देणारा श्रीकृष्ण होता. आपल्या स्टाफरूममध्ये तेवढी खात्री कोणालाच असू नये.

आता तिसरा आक्षेप. हा मात्र खरा आहे आणि त्याला दाद दिलीच पाहिजे. ‘मुलं वाट्टेल ते बोलतात.’ बोलतात. आणि याला खुल्या प्रश्नांचे पुरस्कर्तेच जबाबदार आहेत. ज्ञानरचनावादाचं वारं आलं तेव्हा प्रशिक्षणांतून एक वाक्य सगळीकडे पोचलं : प्रत्येक मुलाचं उत्तर बरोबर असतं. झालं! मूल काहीही म्हणालं की ‘शाब्बास, छान!’, दुसरं मूल त्याच्या उलट म्हणालं तरी ‘छान!’, आणि टाळ्या. ही चर्चा नाही. यात कोणी कोणाचं ऐकत नाही आणि चित्राकडे तर कोणीच बघत नाही. अशा तासाला जे हसतात त्यांच्याबरोबर मीही हसेन. पण रोग ‘काय दिसतं?’ या प्रश्नात नाही. त्याच्यामागून ‘कशावरून?’ विचारायचं राहून जातं, तिथे आहे. पहिला प्रश्न सगळ्यांना बोलतं करतो, दुसरा बोलणाऱ्याला परत चित्रापाशी आणून उभा करतो. पहिला एकटा सोडला की गप्पा होतात. दुसरा एकटा आला की उलटतपासणी होते आणि मुलं तोंड मिटतात.

हे वीरगळीवर, म्हणजे पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, करून बघता येतं. त्यासाठी संग्रहालयाची गरज नाही. नगर जिल्ह्यात देवळांच्या आवारात, पारावर, वेशीपाशी वीरगळी उभ्या आहेत. कुठे शेंदूर लावलेल्या, कुठे अर्ध्या मातीत गेलेल्या, कुठे कोणीतरी पायरीला बसवलेल्या. समजा, सातवीचा वर्ग एखाद्या वीरगळीपुढे बसवला. दगडावर एकावर एक कोरलेले तीन चौकोन, वर कळस, कळसाशी चंद्र-सूर्य. काय चाललंय? मुलं वरून वाचणार, कारण पुस्तक वरून वाचायची सवय. आधी एक माणूस पिंडीची पूजा करतोय, मग तो दोन बायकांच्या मधे आहे, मग खाली मारामारी. गोष्ट तयार : देवाला नमस्कार करून तो लढायला गेला. कोणी म्हणेल, मधल्या बायका नाचतायत. कशावरून? पाय वाकलेत, कपडे उडतायत. दुसरी मुलगी म्हणेल, नाचत नाहीत, त्याला धरून नेतायत, बघ, त्याच्या दंडाला हात आहे. कशावरून नेतायत? त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. मग कोणाला तरी दिसतं, की सगळ्यात खाली एक माणूस आडवा पडलाय आणि कडेला गाई आहेत. आता वरून वाचलेली गोष्ट जुळेना. मेला तो खाली, आणि वर जिवंत?

इथे, आणि इथेच, शिक्षकाने एक वाक्य बोलायचं : वीरगळ खालून वर वाचतात. पंधरा मिनिटं गोष्ट जुळवत बसलेल्या वर्गावर त्या एका वाक्याने काय होतं, ते सांगायला नको. गाई वाचवताना तो पडला, अप्सरा त्याला घेऊन वर निघाल्या, वर तो शिवापाशी पोचला, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याचं नाव राहावं. हेच वाक्य तासाच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर ते पाठ झालं असतं, इतकंच. माहिती द्यायची की नाही, हा वादच नाही. ती केव्हा द्यायची, हा वाद आहे. माहितीवाले म्हणतात, आधी. मी म्हणतो, अडल्यावर.

आणि जाता जाता, त्याच वीरगळीला शेंदूर फासून तिला गावाचा देव मानणारी म्हातारी हीसुद्धा तिचा अर्थच लावत असते. तिला अडाणी ठरवून धडा सुरू करणाऱ्या शिक्षकाने आपलं अज्ञान आधी तपासावं. आपल्या गावचा वीर कोण होता, त्याचं नाव काय, हे त्यालाही ठाऊक नसतं. बहुतेक वीरगळींवर अक्षरच कोरलेलं नाही.

माहितीवाल्यांच्या मनात एक गृहीत दडलेलं असतं : अर्थ ठरलेला आहे, तज्ज्ञांकडे आहे, आपण तो खाली पोचवायचा. नगर जिल्ह्यात तरी हे गृहीत टिकत नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार जड वस्तू सापडल्या. बैलांचा रथ, म्हैस, हत्ती, गेंडा. सगळं मिळून साठ किलोच्या वर वजन. रथात एक माणूस उभा, पुढे बैलांची जोडी, आणि मधल्या दांडीवर एक कुत्रा. गेंड्याखाली चाकं आहेत. हत्तीच्या पाटाला आस अडकवायची सोय आहे, चाकं मात्र गेली. हे कोणाचं, केव्हाचं? दायमाबादचं उत्खनन ज्यांनी केलं त्या एस. ए. साळी आणि एस. आर. राव यांच्या मते ते उत्तर हडप्पा काळाचं. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची तपासणी पुढे केली. यात आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आहे, त्या काळच्या इतर वस्तूंत असा मिश्रधातू दिसत नाही, तेव्हा हे बरंच नंतरचंही असू शकेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तज्ज्ञ काय करत होते? एकमेकांना ‘कशावरून?’ विचारत होते.

आता या वस्तूंची छायाचित्रं दाखवून शिक्षकाने पहिल्याच मिनिटाला ‘ही हडप्पा संस्कृतीची खेळणी’ असं फळ्यावर लिहिलं, तर त्याने दोन गोष्टी लपवल्या. तज्ज्ञांचा वाद लपवला, आणि ‘खेळणी’ हा स्वतःचा अंदाज माहिती म्हणून खपवला. साठ किलोची खेळणी? एखादं पोर विचारेल, इतकं जड ओढणार कोण, मिरवणूक होती का? दुसरं विचारेल, कुत्रा रथावर कशाला, तो तर पळत येईल ना मागून? तिसरं विचारेल, आपल्याकडे गेंडे होते का? यातला एकही प्रश्न वाया गेलेला नाही. पुराणवस्तुशास्त्र याच प्रश्नांवर चालतं, फक्त मोठी माणसं ते जरा लांबलचक वाक्यांत विचारतात.

सगळ्यात जोराचं उदाहरण निजामशाहीच्या दरबारातून येतं, आणि ते आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ‘तारीफ-इ-हुसैनशाही’ नावाची सचित्र पोथी. आफताबी नावाच्या कवीने पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचलेलं फारसी काव्य, १५६५ च्या तालिकोट लढाईच्या सुमाराचं. दख्खनच्या चित्रकलेतल्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्यातली बारा चित्रं उरली आहेत. सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायून बसलेली दाखवली होती. ही चांदबीबीची आई. बहुतेक चित्रांत आता ती दिसत नाही. कोणीतरी तिच्यावर रंग फासला.

अशा एखाद्या चित्राची माहिती आधी द्यायची म्हणजे काय द्यायची? ‘येथे राणी होती’ असं सांगितलं की मुलं डागाकडे बघून मान डोलावतात. न सांगता चित्र पुढे ठेवा आणि गप्प बसा. कोणीतरी म्हणतंच, इथे काहीतरी पुसलंय. कशावरून? बाकीचं सगळं रेखीव आहे आणि एवढंच ओबडधोबड. मग, तिथे काय असेल? सिंहासन एवढं रुंद का, एकट्या राजासाठी? आणि तो जरा एका बाजूला का बसलाय? इथवर आलेल्या वर्गाला सांगा, की हुसेन वारल्यावर लहान वयाचा मुलगा मुर्तझा गादीवर असताना या बाईने कारभार पाहिला, आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैद केलं. आता पुढचं त्यांच्यावर सोडा. मुलाच्या वेळी कोणी पुसली असेल? की नंतरच्या एखाद्या मालकाला राजाच्या शेजारी बाई बघवली नसेल? अभ्यासकांपुढे असलेला हाच प्रश्न आठवीच्या वर्गापुढे येतो, त्याच पुराव्यासकट. गणितात किंवा विज्ञानात आठवीच्या मुलाला अशी बरोबरी कुठे मिळते?

यावर हल्ली एक नवा आक्षेप येतो, जरा दबक्या आवाजात. सुलतान, तालिकोट, चांदबीबी, आणि २०२४ मध्ये शहर-जिल्ह्याचं नाव बदललेलं. अशा वातावरणात चर्चा कशाला उघडायची? कोणी काही बोललं तर? ही भीती खोटी नाही, शिक्षकाला गावात राहायचं असतं. पण मुलं गप्प असतात ती फक्त वर्गात. बाहेर त्यांच्या मोबाइलवर हेच सगळं रोज येतं, आणि तिथे ‘कशावरून?’ विचारणारं कोणी नसतं. चित्र समोर ठेवून, ‘तुला जे म्हणायचं ते या चित्रात दाखव’ अशी अट जिथे आहे, ती भांडणाला सगळ्यात कमी वाव देणारी जागा. आरोळी ठोकणाऱ्याला चित्रात बोट ठेवायला सांगितलं की आवाज आपोआप खाली येतो.

वेळ नाही, हा आक्षेप मी लवकर निकालात काढतो. चित्रकलेचे तास वर्षभर असतात. महिन्याला एक तास बघण्यासाठी द्या. चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक नसलेल्या जिल्हा परिषद शाळा पुष्कळ आहेत हे खरं, पण या कामाला ब्रशच लागत नाही. मराठीच्या बाईंनी करावं, इतिहासाच्या सरांनी करावं. पन्नास मुलांत सगळी बोलत नाहीत. ती तशीही बोलत नाहीत.

खरी अडचण परीक्षेची आहे, आणि इथे माहितीवाल्यांचा विजय जवळजवळ पूर्ण झाला आहे. कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा बघा. वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. सगळं हाताचं काम. दुसऱ्याने केलेल्या चित्राकडे बघून दोन वाक्यं बोलायला लावणारा पेपर नाही. इंटरमिजिएटची श्रेणी मिळाली की दहावीला जादा गुण मिळतात, म्हणून शनिवार-रविवारी क्लास भरतात, आणि त्यातला एखादा हुशार मुलगा घागर-तांब्याची छाया अचूक काढून ‘ए’ श्रेणी घेऊन बाहेर पडतो. गावातल्या देवळाच्या भिंतीवर काय कोरलंय, हे त्याने कधी थांबून पाहिलेलं नसतं. हात तयार झाला, डोळा तसाच राहिला. ग्रेड परीक्षा बंद करा असं मी म्हणत नाही. हाताला शिस्त लागते. पण त्यालाच कलाशिक्षण म्हणायचं असेल तर निदान अर्धं म्हणा.

‘पण खुले प्रश्न तर आम्ही विचारतोच की, मराठीच्या पेपरात स्वमत असतं,’ असं कोणी म्हणेल. असतं. आणि त्या स्वमताचं छापील उत्तर गाईडमध्ये असतं. जिल्ह्यातल्या हजारो मुलांचं एका कवितेबद्दलचं ‘स्वतःचं मत’ शब्दशः एकच निघतं, स्वल्पविरामासकट. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना हे पाठ आहे, आणि तेही त्याला पूर्ण गुण देतात, कारण नमुना उत्तराशी ते जुळतं. आपल्याकडे खुला प्रश्न इतक्या सफाईने बंद केला जातो, की तो कधी उघडा होता याचीही आठवण राहत नाही.

म्हणून माहितीवाल्यांचा शेवटचा, आणि त्यांना सगळ्यात बिनतोड वाटणारा सवाल : तपासणार कसं? तपासता येतं. कागद उभा दुमडायचा. डाव्या बाजूला तुझं म्हणणं. उजव्या बाजूला, ते तू चित्रात कुठे पाहिलंस. शिक्षकाने गुण द्यायचे ते फक्त उजव्या बाजूला. खुंझा हुमायूनला मुलाने पुसली, मौलवीने पुसली, चित्रकारानेच घाबरून पुसली, डावीकडे हवं ते लिहा. उजवीकडे सिंहासनाचा रुंद काठ, राजाची बसण्याची जागा, रंगाचा थर, असं काहीतरी बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. ज्याची डावी बाजू तज्ज्ञांशी तंतोतंत जुळते पण उजवी कोरी आहे, त्याला शून्य. ज्याचा अंदाज चुकला पण ज्याने डागाखालून डोकावणारी रेघ सगळ्यांच्या आधी पाहिली, त्याला पैकीच्या पैकी. हा पेपर दर वर्षी नव्या चित्रावर काढा, आणि मग गाईडवाल्यांनी उजव्या बाजूचं नमुना उत्तर आधी छापून दाखवावं.